बॅटरी, नग १

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर गणेशोत्सवाचा जमाखर्च लागला आहे. ‘ढोलपथक मानधन’ आणि ‘शिरा (साजूक तुपातला)’ या दोन ओळींच्या मध्ये एक ओळ आहे : ‘वॉकीटॉकी बॅटरी, नग १, रु. ८५०/-, वसुली सी-३०४’. सी-३०४ म्हणजे मी. नुसतं आडनाव लिहिलं असतं तर त्याच आडनावाची अजून दोन घरं बिल्डिंगमध्ये आहेत, संशयाचा फायदा तिघांत वाटून घेतला असता. फ्लॅट नंबर घातल्यावर काय उरलं? काल दूधवाला ते वाचत उभा होता. मला बघून म्हणाला, "काका, स्फोट झाला म्हणे?"

स्फोट झाला नाही. आणि शिऱ्यात साजूक तूप नव्हतं. पण त्याची वसुली कुणाकडून नाही.

विसर्जनाच्या दिवशी गंगेवर मोबाइल म्हणजे खिशातलं घड्याळ. (नाशिकबाहेरच्यांसाठी : गंगा म्हणजे गोदावरी. आम्ही तिला दुसरं काही म्हणत नाही.) एवढ्या गर्दीत फोन लागत नाही, म्हणून समितीनं दोन वर्षांपूर्वी सहा वॉकीटॉकी घेतले. सचिवांनी चौकशी करून ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे घेतले, म्हणजे आपल्याकडे परवाना न लागणाऱ्या पट्ट्यातले. हे आकडे मला पाठ आहेत, कारण पुढे एका बाईंना मी ते अनेकदा ऐकवले. खोक्यावर ‘रेंज ५ किमी’ असं छापलं होतं. ती मोकळ्या मैदानातली. आपल्याकडे घाट खाली, वर जुने वाडे, मध्ये ढोल. चार गल्ल्या ओलांडल्या की माणसाचा आवाज चिवडा परतल्यासारखा येतो. मला संच क्रमांक चार आणि घाटाची ड्यूटी मिळाली. काम एकच : जागा मोकळी झाली की इंदिरानगरहून निघालेला आमचा ट्रॅक्टर बोलवायचा, तोवर थोपवायचा.

आता खजिनदार. हे गृहस्थ निवृत्तीपूर्वी एका कारखान्याच्या सुरक्षा विभागात होते आणि तिथल्या संचांत निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या होत्या. त्या बॅटऱ्यांना म्हणे स्मरणशक्ती असायची. अर्धी उतरलेली असताना वारंवार चार्जिंगला लावली की ती तेवढंच लक्षात ठेवून पुढे तेवढीच चालायची, म्हणून पूर्ण उतरवून मगच भरायचा नियम. आमच्या संचांत लिथियम-आयन बॅटरी आहे, ३.७ व्होल्टची. तिला असली स्मरणशक्ती नाही. खजिनदारांना आहे. विसर्जन झालं की ते सहाही संच टेबलावर मांडतात आणि जीव जाईपर्यंत चालू ठेवतात. "बॅटरीला उपास घडला पाहिजे." मग त्या उपाशी बॅटऱ्या अकरा महिने पंपरूमच्या पत्र्याखालच्या कपाटात. लिथियमची बॅटरी ठेवायची तर साधारण अर्धी भरून, गार आणि कोरड्या जागी ठेवावी; रिकामी ठेवली तर आतल्या आत आणखी उतरत जाते आणि एका पातळीच्या खाली गेली की धड उभीच राहत नाही. त्यात एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशी ओलांडतो, त्या पत्र्याखाली कुरडया न तळता फुलतील. हे मी दोन वर्षं सांगतोय. पण चतुर्थीच्या आदल्या रात्री सगळे संच, तेही बंद न करता, चार्जरवर चढतात आणि सकाळी हिरवा दिवा बघून खजिनदार ‘फुल्ल’ असं जाहीर करतात. चालू संच एकीकडे बॅटरी पीत असतो, तेव्हा भरली का नाही हे चार्जरला नीट कळत नाही. खजिनदारांना कसं कळतं?

अध्यक्षांची तऱ्हा आणखी निराळी. ते संच अँटेनाला धरून हिंडतात, मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर न्यावा तसे. त्यापायी अँटेनाचं रबर फाटून आतली तार उघडी पडली आहे. अशी अँटेना बोलताना कातडीला लागली की चटका बसतो. त्यांना बसला. ते कळवळून ओरडले आणि ढोलपथकानं त्यावर ‘मोरया’ म्हणून घोष दिला.

बॅटरी आठ तास चालेल असंही खोक्यावर आहे. हे तास काढताना कंपन्या असं धरतात की माणूस पाच टक्के वेळ बोलेल, पाच टक्के ऐकेल आणि नव्वद टक्के वेळ गप्प बसेल. हा हिशेब करणारा आमच्या सर्वसाधारण सभेला कधी आलेला नाही. बोलतानाच वीज सगळ्यात जास्त जाते, आणि आमच्याकडे दुपारी एकपासून शिऱ्याचं पातेलं नक्की कुणाच्या गाडीत आहे यावर अखंड चर्चा चालू होती. तिच्यात मीही होतो, नाही म्हणत नाही.

सव्वातीनला घाट गच्च. संच सरळ उभा, तोंडापासून तीन बोटं लांब धरला (बाकीचे मक्याचं कणीस खाल्ल्यासारखा धरतात), बटण दाबलं, क्षणभर थांबलो, नाहीतर पहिला शब्द गिळला जातो, आणि स्पष्ट म्हणालो, "ट्रॅक्टर पुढे आणायचा नाही."

‘आणायचा’ आणि ‘नाही’ यांच्या मध्ये बॅटरी गेली.

हिंदीत निदान ‘मत लाना’ म्हणता येतं, मनाई आधी पोचते. मराठीत आपण सगळं सांगून झाल्यावर शेवटी नाही म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, कुणाचं अडलं नव्हतं.

"गेलं का वायरलेस?"

आवाज खालून आला. पायरीवर एक आजी बसल्या होत्या. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मांडीवर कापडी पिशवी, समोर दुतोंड्या मारुती आणि त्याच्या पायांशी पाणी. निफाडकडच्या असाव्यात, बोलण्यावरून.

"बरं झालं तुम्ही घावले, साहेब. माझा मुलगा हरवला."

"केवढा आहे?"

"बावन्न."

"आजी, मी पोलीस नाही."

आजींनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. टी-शर्ट, त्यावर गुलाल, पायात फ्लोटर्स. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "साध्या कपड्यातले ना? कळलं. नाय सांगत कोणाला." आणि शेजारच्या बाईला सांगितलं.

"आजी, हा सोसायटीचा संच आहे. ४४६ मेगाहर्ट्झचा. पोलिसांचा वेगळा असतो."

"असतील ना निरनिराळे. आमच्या पोलीस पाटलाकडं तर तोबी नाय."

पाच मिनिटांत माझ्यापुढे तिघं उभे. एकाला मुतारी कुठे ते हवं होतं. एकाच्या चपला गेल्या होत्या, त्यातली उजवी नवीन होती म्हणे. हे कसं, ते मी विचारलं नाही. तिसऱ्याची तक्रारच नव्हती. तो माझ्या शेजारी येऊन, हात मागे बांधून उभा राहिला आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला "चला, चला, थांबू नका" असं करू लागला. मी त्याच्याकडे बघितलं तर त्यानं मला मान लववली.

"आजी, तिकडे मांडव आहे. नाव सांगा, माइकवरून पुकारतात."

"पुकारायचं? येड लागलं काय! त्याचे व्याही आलेत संगं. त्यांना कळंल ना हरवला म्हणून."

"मग मी तरी काय करू?"

"तुम्ही गुपचूप बोलवा वायरलेसवर. तेवढ्यासाठीच असतं ना ते."

"बॅटरी संपलीय."

"मग सेल काढ की." इथे मी साहेबाचा ‘तू’ झालो. "काढ आणि दाताखाली धर. आमच्या घरच्या बॅटरीचे सेल मी तसेच दोन-दोन महिने चालवते. न्हायतर उन्हात ठेव घटकाभर."

टॉर्चचा सेल चावलेली पिढी आहे, तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तरी मी घातला. लिथियमची बॅटरी चावू नये, ठेचू नये, तापवू नये, आत ठिणगीला पुरेल एवढा ऐवज असतो, वगैरे. आजी एखादं लहान मूल पाढे म्हणत असल्यासारखं कौतुकानं ऐकत होत्या. हात मागे बांधलेला इसमही ऐकत होता. मध्येच त्यानं कुणालातरी "साहेब बोलतायत, दिसत नाही का?" असं झापलं.

जादा बॅटरी माझ्या खिशात होती. पाऊस भुरभुरत होता म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. ती सोडवली. एका हातात संच, दुसऱ्यात मेलेली बॅटरी, करंगळीत पिशवी, आणि नेमकं तेव्हा मागून एक ढोलपथक अंगावर आलं.

"दे इकडं, पडंल गंगंत." आजींनी माझ्या बोटांतून भरलेली बॅटरी काढून घेतली आणि कंबरेच्या बटव्यात टाकली. बटव्यात काय काय होतं ते मला दिसलं : अडकित्ता, चुन्याची पितळी डबी, घराच्या किल्ल्यांचा जुडगा आणि देवाला वाहायची सुटी नाणी. मला ते दिसलं आणि मी बोलणार होतो. पण त्याच क्षणी घाटाकडे उतरणाऱ्या बोळाच्या तोंडाशी ओळखीचा भोंगा वाजला. आमचा ट्रॅक्टर पुढे येत होता. आईच्या पोटात असल्यासारखे पाच सभासद त्यावर निवांत बसलेले. मी दोन्ही हात हलवून ‘मागे’ म्हणालो. अध्यक्षांनी मलाही हात हलवला.

"साहेब," आजी म्हणाल्या, "बटवा ऊन लागतोय."

मी वळलो.

"बघ, म्हणलं न्हवतं? झाली चार्ज!"

बटवा मी पायरीवर पालथा केला. बॅटरीची धातूची टोकं उघडी असतात. किल्ल्यांची कडी दोन्ही टोकांवर आडवी पडली होती. धनापासून ऋणापर्यंत सरळ वाट, मध्ये अडवणारं काहीच नाही, की सगळी वीज त्याच वाटेनं धावते आणि तापते. एका किल्लीवर मोहरीएवढा काळा डाग पडला होता. चुन्याच्या डबीला हात लावता येत नव्हता. चपलावाला म्हणाला, टाका गंगेत. मी नाही टाकली. दगडावर एका बाजूला ठेवली आणि हात मागे बांधलेल्या इसमाला म्हणालो, "इथे कुणाला येऊ देऊ नका." त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी त्या दिवशी बाप्पाच्याही चेहऱ्यावर पाहिलं नाही.

तेवढ्यात दोन्ही हातांत कुल्फ्या घेतलेला एक पोक्त माणूस गर्दीतून धावत आला. "काय झालं साहेब? आईला का धरलंय?"

"धरलं नाय रे," आजी उठत म्हणाल्या. "यांचा सेल गेलता. एकटे होते, म्हणून थांबले सोबतीला." जाताना माझ्या हातावर सुपारीचं खांड ठेवलं. अजून गरम होतं.

ट्रॅक्टर बोळात चाळीस मिनिटं अडकला. मागे आणखी तीन मंडळं, पुढे घाट. त्या चाळीस मिनिटांत माझ्या घराण्याबद्दल जे बोललं गेलं ते लिहीत नाही.

पण राग त्याचा नाही. राग समितीच्या बैठकीचा आहे. तिथे एकमतानं ठरलं की मी बटण आधी सोडलं. मी म्हणालो, बॅटरी गेली. खजिनदार म्हणाले, हिरवा दिवा मी स्वतः पाहिलाय. अशी बॅटरी नीट वापरली तर तीनशे ते पाचशे वेळा भरता येते; आमची दोन वर्षांत वीस-बावीस वेळा भरली असेल, तेवढ्यात तिनं राम म्हटला. तो का म्हटला, हे कुणी विचारलं नाही. पंपरूमचा पत्रा, अकरा महिन्यांचा उपास, उंदराची शेपटी, यातलं काही इतिवृत्तात नाही. इतिवृत्तात आहे ‘निष्काळजीपणे बॅटरी परक्या इसमाच्या ताब्यात दिली’. आजींना इसम! आणि घाटावर तीन तास उभं राहायला कोण तयार होतं? नावं मागितली तेव्हा पाचही जणांचे गुडघे दुखत होते. ट्रॅक्टरवर चढताना नाही दुखले. साडेआठशे रुपयांचं काही नाही हो. म्हणजे आहे, पण ते सोडा.

मी भरणार नव्हतो. पण बायकोनं परस्पर यूपीआयनं भरून टाकले, ‘ते बोर्डावरून नाव काढा आधी’ म्हणून. पैसे आले, ओळ तशीच आहे. उलट पैसे भरले म्हणजे माल माझा, या न्यायानं खजिनदारांनी ती बॅटरी पाकिटात घालून घरपोच केली. आता तिचं पोट किंचित पुढे आलंय, थेट खजिनदारांसारखं. फुगलेली बॅटरी चार्जरला लावायची नसते, टोचायची तर मुळीच नसते. टोकांवर चिकटपट्टी लावून सकाळी घंटागाडीशी गेलो.

"ओला का सुका?" पोरानं विचारलं.

"बॅटरी आहे."

"मग नाही घेणार काका. गाडीत दाबली गेली की पेटतं." त्याला जे कळतं ते आमच्या समितीला कळत नाही.

२०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. उत्पादकाचा पत्ता खोक्यावर होता. खोकं खजिनदारांनी रद्दीत घातलं.

तोवर घरात ठेवायला बायको तयार नाही. म्हणून गॅलरीच्या कोपऱ्यात, कडेला टवका उडालेली चिनी मातीची बरणी होती, तिच्यात कोरडी वाळू घालून वर बॅटरी ठेवली आहे आणि झाकण नुसतं टेकवलंय. आई परवाच गावाहून आली. आत्ता हे लिहीत असताना गॅलरीतून तिची हाक ऐकू आली, "अरे, हे लिंबाचं मुरलं का रे?"