त्या 'नंतर'मधले चौदा महिने

लेख आवडला, पण एक गोष्ट खटकली. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या एलएचसीत, म्हणजे प्रोटॉनचे झोत ('बीम') चुंबकांनी वळवत एकमेकांवर आदळवणाऱ्या बोगद्यातल्या वर्तुळाकार यंत्रात, २००८ मध्ये बिघाड झाला 'आणि नंतर बीम पूर्ववत केला', एवढ्या एका वाक्यात तुम्ही तो भाग आटोपलात. अहो, खरी मेहनत त्या 'नंतर'मध्येच आहे!

१० सप्टेंबरला बीम पहिल्यांदा पूर्ण फिरला आणि १९ तारखेला दोन चुंबकांमधल्या वीजजोडणीचा एक सांधा निकामी झाला. ठिणगीने चुंबक थंड ठेवणाऱ्या हेलियमचं आवरण फोडलं, टनावारी हेलियम बोगद्यात सुटलं, अवजड चुंबक जागचे हलले. बीमच्या निर्वात नळीत काजळी बसली ती वेगळीच. ५३ चुंबक वर काढून दुरुस्त करावे लागले किंवा बदलावे लागले.

पण तेवढ्याने भागत नाही. चुंबक पुन्हा १.९ केल्विनपर्यंत (उणे २७१ अंश सेल्सिअसच्या आसपास) थंड करायला आठवडे जातात. मग अगदी विरळ बीम सोडायचा, एका टप्प्यावर अडवायचा, मार्ग किती मिलिमीटर ढळला ते पाहायचं, छोट्या चुंबकांनी तो सावरायचा आणि मगच पुढचा टप्पा. असं करत करत २७ किलोमीटर. २० नोव्हेंबर २००९ ला बीम पुन्हा फिरला, आणि तीनच दिवसांत पहिल्या टकरी नोंदल्या गेल्या.

शोधाची बातमी आली की भौतिकशास्त्रज्ञ दिसतात. हजारो सांधे एकेक करून तपासणारे तंत्रज्ञ कुणाला दिसत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुढचा लेख त्यांच्यावर लिहा ना.