विमानात रडायला बंदी नाही

ठाणेकराची सहनशक्ती बघायची तर सकाळच्या लोकलमध्ये बघावी. कुणाचं कोपर बरगडीत, कुणाची छत्री पोटरीला टोचतेय, तरी हा गडी उभ्या उभ्या डुलकी काढतो. लेडीज डब्यात मूल रडायला लागलं की चार पर्स उघडतात. एकीचं पारले-जी निघतं, दुसरी बांगड्या वाजवते, तिसरी "दात येत असतील गं" म्हणून निदान करून मोकळी होते. हीच मंडळी विमानात बसली की त्यांचे कान एकदम नाजूक. तिकिटाचे पैसे कानालाच झोंबत असावेत.

मी दोन मुलांना घेऊन माहेरी नागपूरला जाते. "विदर्भ एक्सप्रेस ठाण्याला थांबते की," असं सासूबाई दरवेळी म्हणतात. पण रात्रभर बर्थवर या दोघांना आवरण्यापेक्षा दीड तासाचं विमान बरं वाटतं. अर्थात घोडबंदर रोडवरून विमानतळ गाठेपर्यंत तेवढाच वेळ जातो, ते सोडा. डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, त्यामुळे "कुठून जवळ पडेल" हा घरात एक जादा वाद झाला, इतकंच.

सिक्युरिटीला डब्यातली नाचणीच्या सत्त्वाची पूड बघून तिथल्या बाईंनी भुवया चढवल्या. बाळाचं खाणं आहे हे पटवायला मी चमचाभर कोरडीच तोंडात टाकली. त्यानंतर पुढच्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर देता येईना.

आत शिरल्याशिरल्या मी थोरल्याचे बूट काढते. चार वर्षांच्या पोराचे पाय समोरच्या सीटला लागणारच, पण मोज्यातल्या लाथेत दम नसतो. माझं मत विचाराल तर शिस्तीचा प्रश्न इथेच आहे. लाथा, ट्रे आपटणं, मोबाइलवर मोठ्यानं लावलेली कार्टून, हे सगळं आईबापांच्या हातातलं. त्यावर कुणी बोललं तर मान खाली घालून ऐकावं. रडणं मात्र त्यात धरू नये.

कारण धाकटीची बाजूही ऐका. दोन वर्षांखालच्या पोरांना स्वतंत्र सीट नाही. माझ्या पट्ट्यात छोटा पट्टा अडकवून ती मांडीवर. विमानातली हवा ६,००० ते ८,००० फुटांवर असते तितपत विरळ होते. कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे दहा महिन्यांच्या पोरीला न विचारता कळसूबाईच्याही वर नेलं आणि थोड्या वेळात खाली आणलं. लहान मुलांची कानातून घशात जाणारी नळी अरुंद आणि आडवी असते, त्यामुळे विमान उतरताना कानातला दाब लवकर सुटत नाही आणि ठणका लागतो. चोखलं, गिळलं की नळी उघडते. आपण मोठी माणसं जांभई देतो. तिला ठरवून जांभई येत नाही, आणि दूध नेमकं तेव्हाच नको असतं.

विमान खाली यायला लागलं आणि तिनं सूर लावला. पुढच्या सीटवरचे काका वळले. विमान निघेपर्यंत हेच काका इयरफोनशिवाय रील्स बघत होते, आणि तेव्हा अख्ख्या विमानात कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

"मॅडम, जरा बाळाकडे बघा ना!"

"बघतेच आहे हो काका. तीच माझ्याकडे बघत नाहीये."

पलीकडच्या सीटवरच्या काकूंनी पिशवीतून आंबापोळीची गुंडाळी काढली, एक तुकडा थोरल्याला दिला. "चावत राहा बाळा, कान दुखणार नाहीत." मग दुसरा तुकडा पुढे सरकवला. "घ्या हो तुम्हीपण. घरची आहे."

काकांनी आढेवेढे घेत तोंडात टाकला. दोन-तीनदा चावला, गिळला, कान चोळला आणि त्यांचा चेहरा पडला.

"अहो, माझे तर आत्ता कुठे कान उघडले," ते काकूंना म्हणाले. "ही पोर एवढ्या मोठ्यानं रडतेय होय?"