उंदीर किती गार होता?

‘ब्राह्मीने स्मृती सुधारते, उंदरांवर सिद्ध’ या धर्तीची बातमी मराठीत अधूनमधून येते आणि तिच्याखालचा वादही ठरलेला असतो. एक बाजू म्हणते, मुक्या जिवांची डोकी फोडणं बंद करा. दुसरी म्हणते, विज्ञानाच्या आड येऊ नका. ब्रिटनमध्ये बसून हे वाचताना खटकतं ते एवढंच, की उंदराला नेमकं काय केलं हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

डोक्याला मार लागून गेलेली स्मृती औषधाने परत येते का हे पाहायचं, तर करतात ते असं. भूल दिलेल्या उंदराच्या कवटीला बारीक ड्रिलने गोल खिडकी पाडायची, आतलं आवरण फाटू द्यायचं नाही, मग पाच-सहा मिलिमीटर जाडीचा दट्ट्या सेकंदाला सुमारे 4 मीटर वेगाने दोन-तीन मिलिमीटर आत हाणायचा. ड्रिलवर थंड सलाइन सोडलं नाही तर हाड तापतं आणि दट्ट्या लागण्याआधीच खालचा मेंदू भाजतो. त्यामुळे तुलनेसाठी ठेवलेला, नुसती खिडकी पाडलेला गटही धडधाकट धरता येत नाही.

खरा घोळ तापमानाचा. भुलीत उंदीर झपाट्याने गार पडतो आणि गार मेंदूला इजा कमी होते. औषधाने उंदीर सुस्तावून दोन अंशांनी उतरला, तर काम थंडीचं आणि नाव औषधाचं. गुदद्वारात तापमापी, पोटाखाली हीटिंग पॅड, 37 अंश, आणि शुद्धीवर आल्यावरही काही तास मोजणी. हे कंटाळवाणं असतं, म्हणूनच गाळलं जातं.

स्मृती मोजण्यासाठी मेंदूशास्त्रज्ञ रिचर्ड मॉरिस यांचा 1981 सालचा हौद वापरतात. साधारण दीड मीटर रुंद, पाणी गढूळ केलेलं, 20 ते 22 अंशांचं, आणि पृष्ठभागाच्या एक-दोन सेंटिमीटर खाली लपवलेला चौथरा. दिवसाला चार फेऱ्या, चार-पाच दिवस. शेवटी चौथरा काढून घेतात आणि उंदीर तो कुठे शोधतो ते पाहतात. बातमीत येतो तो चौथरा गाठायला लागलेला वेळ. पण पाय लुळा पडलेला उंदीरही उशीरच लावतो. घाबरलेला तर काठ धरून गोल फिरत बसतो. पोहण्याचा वेग, कापलेलं अंतर आणि दिसणाऱ्या चौथऱ्याची वेगळी फेरी नसेल, तर ते आकडे स्मृतीचे म्हणता येत नाहीत.

याची किंमत मेंदूच्या इजेवर औषध म्हणून तपासलेल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाने दाखवली. उंदरांत वर्षानुवर्षं उत्तम निकाल. माणसांवरच्या दोन मोठ्या चाचण्या, 882 आणि 1195 रुग्णांच्या, 2014 च्या डिसेंबरात छापून आल्या आणि फायदा शून्य. उंदीर एकाच वाणाचे, तरुण, एकसारखा मार खाल्लेले, औषध बहुधा तासाभरात मिळालेले. अपघाताच्या रुग्णाचं यातलं काही जुळत नाही.

इथे ब्रिटनमध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी 1986 च्या कायद्याने माणूस, प्रकल्प आणि जागा या तिन्हींना वेगळा परवाना लागतो आणि प्रकल्पाचा साध्या भाषेतला गोषवारा सरकार प्रसिद्ध करतं. भारतात 1960 च्या कायद्याखाली संस्थेची आचारसमिती असते, पण अर्ज सहसा फायलीतच राहतो. तो उघडा झाला तर वाद निम्मा मिटेल. परवान्याने प्रयोग चांगला होतो असं मात्र नाही. उंदरांची गटवाटणी चिठ्ठ्या टाकून केली का, मोजणाऱ्याला गट ठाऊक होता का, हे शोधनिबंधात लिहा असं प्राण्यांवरचे प्रयोग कसे मांडावेत हे सांगणाऱ्या 2010 च्या ‘अराइव्ह’ नियमांनी सांगितलं. लोकांनी पाळलं नाही, म्हणून 2020 मध्ये त्यातले दहा मुद्दे अत्यावश्यक ठरवून पुन्हा काढावे लागले.

(पुण्यात 2019 च्या जानेवारीत ज्याच्या सक्तीविरुद्ध लोक रस्त्यावर आले, त्या हेल्मेटला यातलं काहीच लागत नाही, हा भाग वेगळा.)

ब्राह्मीच्या पुढच्या बातमीत आधी एकच ओळ शोधा: औषध माराच्या आधी सुरू केलं होतं की नंतर? पंधरा दिवस आधीपासून दिलं असेल, तर ते घेणाऱ्याला अपघाताची तारीख ठाऊक असावी लागेल.