ट्रेलर मागे घेण्याच्या प्रशिक्षणाबद्दल आपण लिहिलेल्या अभिप्रायाला उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या प्रशिक्षण केंद्राला दोन तारे देऊन लिहिलेला सविस्तर अभिप्राय मी आणि त्या दिवशी मैदानावर असलेल्या आमच्या प्रशिक्षकांनी बारकाईने वाचला. आपल्या तक्रारी थोडक्यात अशा आहेत : ट्रेलर मागे घेण्यास मदत करणारी यंत्रणा ट्रकमध्ये असतानाही पहिला अर्धा वेळ ती बंद ठेवून सराव करवून घेतला, ट्रेलरची नोंद ट्रकमध्ये आधीच साठवलेली असताना प्रशिक्षकांनी पुन्हा टेप लावून मापे घेतली, यंत्रणा सुरू केल्यावर ती वारंवार थांबत राहिली आणि प्रशिक्षकांनी सर्वांसमोर मोठ्याने "थांबा" म्हणून आपल्याला ट्रक पुढे घ्यायला लावला. या यंत्रणेवर आमचाच विश्वास नाही, असा निष्कर्ष आपण त्यावरून काढला आहे. असाच ट्रक घेऊन येणाऱ्या इतरांनाही उपयोग व्हावा, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी मापांविषयी, कारण सर्वांत गंभीर गोष्ट तीच आहे. आपल्या ट्रकमध्ये जी यंत्रणा आहे, तिच्यासाठी ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा स्टिकर लावावा लागतो. मागचा कॅमेरा तो स्टिकर पाहतो आणि ट्रक व ट्रेलर यांच्यात किती कोन झाला आहे, हे संगणक त्यावरून ठरवतो. परंतु नुसता कोन कळून भागत नाही. हिचच्या, म्हणजे ट्रकला ट्रेलर जोडतात त्या जोडणीच्या, गोळ्यापासून स्टिकर किती अंतरावर आहे आणि ट्रेलरची चाके किती मागे आहेत, हेही त्याला ठाऊक असावे लागते. चाकांच्या दोन जोड्या असतील तर माप दोन्ही अ‍ॅक्सलच्या मधोमध घ्यावे लागते. आपल्या ट्रकमध्ये साठवलेली नोंद आपल्या लांब ट्रेलरची होती आणि त्या दिवशी आपण आणलेला ट्रेलर त्याहून बराच आखूड होता. आखूड ट्रेलर फार लवकर वळतो आणि तुलनेने लहान कोनातच अशा अवस्थेला पोहोचतो की पुढे स्टिअरिंग कितीही फिरवले, तरी मागे जाता जाता तो सरळ करता येत नाही. लांब ट्रेलरच्या नोंदीवर यंत्रणा चालवली असती, तर जो कोन या ट्रेलरसाठी धोक्याचा आहे तोच संगणकाला सुरक्षित वाटला असता, आणि ट्रेलर दुमडून ट्रकच्या मागच्या कोपऱ्यावर आदळण्याची शक्यता होती. प्रशिक्षकांनी जमिनीवर गुडघे टेकून मापे घेतली, ती यासाठी. तो वेळ वाया गेला असे मला अजिबात वाटत नाही, आणि पुढेही आमच्याकडे प्रत्येक वेगळ्या ट्रेलरसाठी नवी नोंद केल्याशिवाय यंत्रणा सुरू केली जाणार नाही.

यंत्रणा बंद ठेवून केलेल्या सरावाची माहिती आपल्याला नोंदणीच्या वेळी दिलेल्या पत्रकात होती, तरी त्यामागचे कारण इथे सांगणे योग्य ठरेल. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवले की ट्रेलर उजवीकडे जातो. म्हणून आम्ही हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवायला सांगतो, म्हणजे ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्याच बाजूला हात न्यावा लागतो. सहायक यंत्रणेतील गोल नॉब हा गोंधळ पूर्णपणे दूर करतो, हे अगदी खरे आहे : नॉब डावीकडे, तर ट्रेलर डावीकडे. मात्र ट्रेलर किती वळला की पुरे, केव्हा थांबून पुढे घ्यायचे, दोन्ही आरशांत त्याची बाजू किती दिसली म्हणजे तो सरळ आहे, याची नजर नॉब देत नाही. ती नजर हाताने ट्रेलर मागे घेतल्यानेच तयार होते. शिवाय कॅमेऱ्यावर चिखल उडाला, स्टिकर फाटला किंवा त्यावर प्रखर ऊन-सावली पडली, तर यंत्रणा ऐनवेळी काम थांबवू शकते. अशा वेळी ट्रेलर रस्त्यात आडवा उभा असेल, तर बाकीचे काम चालकालाच करावे लागते, आणि त्या क्षणी शिकायला सवड नसते.

यंत्रणा वारंवार का थांबली, हे प्रशिक्षकांनी मला नेमके सांगितले. ती सुरू असताना स्टिअरिंग आपोआप फिरते आणि चालकाकडे फक्त अ‍ॅक्सिलरेटर व ब्रेक राहतात. स्टिअरिंग जोरात फिरताना पाहून ते धरावेसे वाटणे स्वाभाविक आहे, पण हात लावताच यंत्रणा ताबा सोडते, कारण चालकाला स्वतः वळवायचे आहे असे ती समजते. दुसरे कारण नॉबचे होते. नॉब सोडला की तो मधल्या जागी परत येतो आणि ट्रेलर त्या वेळी ज्या दिशेला रोखलेला असेल, त्या दिशेने सरळ मागे जाऊ लागतो. पुष्कळ जण ट्रेलर पुरेसा वळल्यावरही नॉब धरून ठेवतात. मग कोन वाढत जातो आणि मर्यादा जवळ आली की यंत्रणा थांबून पुढे घेण्यास सांगते. तेव्हा तिने आपले काम चोख केले. पुढे घेणे ही हार मानण्याची गोष्ट नाही. वर्षानुवर्षे ट्रेलर ओढणारे चालकही गरज पडली की निःसंकोच पुढे घेतात.

आता त्या "थांबा"विषयी. आपले लक्ष पडद्यावर आणि ट्रेलरच्या मागच्या टोकाकडे होते. यंत्रणेने ट्रेलर वळवण्यासाठी पुढची चाके जवळजवळ पूर्ण फिरवली होती आणि ट्रकचे नाक बाहेरच्या बाजूला झपाट्याने सरकत होते. पुढचा कोपरा खांबापासून जेमतेम हातभर उरला असताना प्रशिक्षकांनी हाक दिली. यंत्रणा ट्रेलरची दिशा सांभाळते. खांब, फांदी, मागून चालत येणारा माणूस यांची जबाबदारी चालकाचीच राहते, आणि प्रत्येक उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत तसे लिहिलेले असते. सर्वांसमोर मोठ्याने हाक मारली गेल्याचे आपल्याला वाईट वाटले, हे मी समजू शकतो. तरीही मैदानावर कोणीही "थांबा" म्हटले की ब्रेक दाबायचा, हा नियम आम्ही सत्राच्या सुरुवातीलाच सांगतो आणि तो मवाळ करण्याची माझी तयारी नाही.

विश्वासाचे म्हणाल, तर या यंत्रणेचे आम्हाला मनापासून कौतुक आहे. फोर्डने २०१५ मध्ये एफ-१५० पिकअपसाठी नॉबवर चालणारी अशी सोय जाहीर केली. फोक्सवॅगननेही आरसे हलवण्याचा स्विच वापरून ट्रेलर मागे घेण्याची सोय दिली. त्यामुळे ट्रेलरच्या धास्तीने ट्रक कधी मागे न घेणारे कितीतरी लोक आज आत्मविश्वासाने जागेवर लावतात. प्रत्येक गाडीतील पद्धत वेगळी असते, काहींत स्टिकरही लागत नाही, म्हणून आम्ही आधी आपल्या गाडीची पुस्तिका उघडून बसतो. विश्वास नसता, तर उत्तरार्धाचा सगळा वेळ आम्ही यंत्रणेला दिला नसता.

आपला शेवटचा अर्धा तास उत्तम गेला, असे प्रशिक्षकांनी आवर्जून सांगितले : नॉब वेळेवर सोडायला लागल्यावर आपण ट्रेलर दोन्ही खुणांच्या मध्ये नीट आणून लावला. तो हात बसलेला असताना सराव तुटू नये, म्हणून आपल्याला आणखी एक सत्र शुल्क न घेता देण्याची आमची इच्छा आहे, आणि त्यात यंत्रणा सुरुवातीपासून सुरू ठेवता येईल. या वेळी आपला लांब ट्रेलर आणावा, म्हणजे त्याची जुनी नोंदही तपासता येईल. येताना तो रिकामा असावा, दांड्यावरचा स्टिकर पुसून स्वच्छ केलेला असावा आणि गाडीची पुस्तिका सोबत असावी. वेळ ठरवण्यासाठी नोंदणीच्या क्रमांकावर कळवावे. त्या दिवशी मी स्वतः मैदानावर असेन.

आपला नम्र,
संचालक