सहलीच्या जागी हेडसेट नको

आज संध्याकाळी मुलीच्या शाळेतील पालकसभेहून परतल्यापासून मन अस्वस्थ आहे. सातवीची अजिंठ्याची सहल यंदापासून बंद करण्यात आली असून मुलांना व्हर्च्युअल रिॲलिटीच्या हेडसेटमधून वर्गात बसूनच लेणी दाखवली जाणार आहेत, असे सभेत जाहीर झाले आणि त्यावर टाळ्याही पडल्या. जळगावहून अजिंठा जेमतेम साठ किलोमीटरवर आहे, शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते आणि १९८३ पासून जागतिक वारसा यादीत असलेले हे स्थळ आमच्या मुलांनी आता डोळ्यांवर डबा बांधून पाहायचे! जी गोष्ट एसटीने जाऊन पाहता येते तिच्यासाठी हेडसेट लागतो कशाला?

मी शाळेत असताना आमच्या इतिहासाच्या बाई आम्हाला पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात घेऊन गेल्या होत्या. गाभाऱ्यातील बुद्धमूर्तीवर वाटाड्याने एका बाजूने दिवा धरला तेव्हा तो चेहरा गंभीर दिसला, दुसऱ्या बाजूने धरला तेव्हा ओठांवर स्मित उमटले आणि समोरून उजेड पडताच मूर्ती ध्यानमग्न झाली. मूर्ती खरोखर हसते की नाही यावर आम्हा मुलींचा तिथेच वाद जुंपला. बाईंनी तो मिटवला नाही. वाटाड्याला पुन्हा दिवा फिरवायला सांगितले आणि आता नीट पाहा, एवढेच म्हणाल्या.

आज सभेत प्रात्यक्षिकासाठी तोच हेडसेट मीही लावला आणि नेमकी त्याच मूर्तीसमोर उभी राहिले. मान फिरवली की सभोवारचे खांब दिसत होते, पण एक पाऊल पुढे टाकता येत नव्हते. चित्रण ज्या उजेडात झाले त्याच उजेडात तो चेहरा स्थिर होता. मी अजून ओठांकडे पाहत होते, तोवर निवेदकाने मला पुढच्या लेण्यात नेले. तिथे वाद कोण घालणार आणि कोणाशी? हेडसेट लावलेल्या मुलाला शेजारचा मुलगा दिसत नाही, शिक्षक दिसत नाहीत, आणि शिक्षकांनाही कोणाचे डोळे दिसत नाहीत. मूल गुंगले आहे की गोंधळले आहे, हे बाईंना कळणार तरी कसे?

शिवाय हेडसेट मोजकेच असल्याने पस्तीस मिनिटांच्या तासात प्रत्येक मुलाच्या वाट्याला फार तर चार-पाच मिनिटे येतील. डोळ्यांना हालचाल दिसते आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय मात्र आपण स्थिर असल्याचे सांगते, त्यामुळे काहींना मळमळते. आजच एका पालकांना खुर्चीवर बसवावे लागले. गूगलने शाळांसाठी काढलेले अशाच आभासी सहलींचे एक्स्पिडिशन्स हे ॲप २०२१ मध्ये बंदही करून टाकले. आज घेतलेल्या यंत्रावरील धडे आणखी पाच वर्षांनी चालतील, याची हमी कोण देणार आहे?

हृदयाच्या झडपा आतून पाहायच्या असतील किंवा चंद्रावर उभे राहायचे असेल, तर हेडसेट जरूर वापरावा. तिथे एसटी जात नाही, हे मला मान्य आहे. ज्या मुलाला लेण्यांच्या पायऱ्या चढणे शक्य नाही त्याच्यासाठीही तो उपयोगी आहे, मात्र अजिंठ्यात डोलीवाले असतात, हेही शाळेने लक्षात घ्यावे.

लिहिता लिहिता राग थोडा ओसरला आहे, कारण सभा संपल्यावर एका शिक्षिकेने हलक्या आवाजात सांगितलेले आठवले. सहल म्हटली की परवानग्यांची कागदपत्रे, मुलींची सुरक्षितता, दर तासाला पालकांचे फोन आणि काही बरेवाईट झाले तर सारा दोष शिक्षकांच्या माथी. त्यांची भीती खोटी नाही. तो भार आपण पालकांनी कधी उचलला? आमच्या बाई त्या काळी इतक्या मुलींना घेऊन लेण्यांजवळच्या फर्दापूरला उतरल्या, तेव्हा त्यांच्या छातीवर केवढे दडपण असेल, याचा विचार मी आज प्रथमच केला.

म्हणून सोमवारी मुख्याध्यापकांना पत्र देणार आहे. सहल पूर्ववत सुरू करावी, हेडसेट विज्ञानाच्या तासाला वापरावेत आणि प्रत्येक बसमध्ये शिक्षकांच्या मदतीला दोन पालक असावेत, असे त्यात लिहिले आहे. सोबत येणाऱ्यांत माझे नाव पहिले आहे. या वर्गाच्या पालकांपैकी जे ही पोस्ट वाचत असतील, त्यांनी सोमवारी शाळा भरण्यापूर्वी फाटकापाशी यावे आणि पत्रावर सही करावी.