उल्केच्या पाण्यानं शुगर उतरत नाही

सोलापुरात आमच्या आत्यानं शुगरची गोळी बंद केली. का, तर व्हॉट्सअॅपवर आलं: “उल्कापाषाणात साडेचार अब्ज वर्षांची चुंबकशक्ती असते, अमेरिकेत सिद्ध झालंय. दगड रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी ते पाणी प्या. रक्तातलं लोह जागं होतं, शुगर उतरते. चुंबक चिकटला की दगड अस्सल.” नात्यातल्या प्रत्येक ग्रुपवर हेच फिरतंय.

आधी रक्ताचं बोलू. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं चुंबकाला चिकटत नाही. १९४० साली राजस्थानात पडलेल्या सेमरकोना उल्कापाषाणावरून २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी सूर्यमालेच्या जन्मवेळचं चुंबकीय क्षेत्र काढलं, ते सुमारे ५४ मायक्रोटेस्ला भरलं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक, मायक्रोटेस्ला त्याचा दहा लाखावा भाग). पृथ्वीचं आजचं क्षेत्रही साधारण तेवढंच. एमआरआयचं मशीन दीड टेस्लाचं, म्हणजे त्याच्या जवळजवळ २८ हजार पट. एमआरआय काढून कुणाची शुगर उतरली का? असल्या मेसेजपायी माणसं गोळ्या सोडतात आणि डोळे, किडनी गमावून बसतात. पुढे ढकलणाऱ्यांना याची लाज वाटायला हवी.

आणि ते ५४ काही दगडात भरून ठेवलेलं नाही. नवजात सूर्याभोवती धूळ नि वायू फिरत होता, त्यात वितळलेले थेंब थंड होताना आतल्या लोखंडाच्या बारीक कणांनी भोवतालचं क्षेत्र टिपलं. उरली ती फक्त नोंद, इतकी क्षीण की वाचायलाही बाहेरचं चुंबकत्व अडवणारी खोली लागते.

साडेचार अब्ज वर्षांचं तेवढं खरं, नाइलाजानं मान्य. अँग्राइट जातीच्या उल्कापाषाणांवरून तर दिसतं, की लघुग्रहांसारख्या लहानशा पिंडांच्या पोटातही वितळलेलं लोखंड घुसळत होतं आणि स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार करत होतं. केवढी मोठी गोष्ट आहे ही! पण पाण्यात त्यातलं काही उतरत नाही. उतरलाच तर गंज आणि निकेल.

चुंबक लावायचा सल्ला तर त्या दगडाच्याच मुळावर येणारा. मंगळावरून आलेल्या ‘ब्लॅक ब्यूटी’ या उल्कापाषाणाचे तुकडे तपासले, तर विकणाऱ्या-गोळा करणाऱ्यांच्या हातातल्या चुंबकांनी मूळ नोंद पुसून गेलेली. २०२३ मध्ये हे छापून आलंय. शिवाय आपल्या सोलापूरच्या काळ्या कातळातही मॅग्नेटाइट हे लोखंडाचं चुंबकीय खनिज असतं, दोऱ्याला टांगलेला चुंबक त्याच्याकडेही झुकतो. लोखंडाच्या भट्टीतून निघणारी मळीसुद्धा चिकटते.

उल्कापाषाण सापडलाय असं वाटलंच, तर चुंबक लांब ठेवा आणि जिओलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाला कळवा.