फायर अलार्म : 'हूटर वाजला की झालं' हे खोटं का आहे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वायरमन मंडळींत सध्या एक संदेश फिरतोय : 'फायर अलार्म म्हणजे दोन वायरींचं काम. कोर्सवर पैसे घालवू नका. खोलीमागे एक स्मोक डिटेक्टर लावा, बटण दाबा, हूटर वाजला की झालं.' असल्या सल्ल्यावर माणसांचे जीव टांगलेले राहतात, म्हणून एकेक दावा तपासू.

दोन वायरींचं काम. कन्व्हेन्शनल (साध्या, जुन्या पद्धतीच्या) पॅनेलच्या झोनला, म्हणजे एका भागातल्या डिटेक्टरांच्या सर्किटला, वायरी दोनच, हे खरं. पण शेवटच्या डिटेक्टरवर एंड-ऑफ-लाइन रेझिस्टर बसतो, पुष्कळदा ४.७ किंवा १० किलोओहमचा, पॅनेल बनवणारी कंपनी सांगेल तो. त्यातून वाहणाऱ्या बारीक करंटवरूनच वायर शाबूत असल्याचं पॅनेलला कळतं. सोय म्हणून तो पॅनेलच्या टर्मिनललाच पिळून ठेवला, तर उंदरांनी पुढची सगळी वायर कुरतडली तरी पॅनेल 'नॉर्मल'च दाखवतं. मध्येच टी मारून काढलेल्या फाट्याचंही तेच. घरच्या लाइटला टी चालतो, हात सवयीनं तिकडेच वळतो, आणि कोर्स लागतो तो ही सवय मोडायला. तपासणी सोपी आहे : प्रत्येक डिटेक्टर बेसमधून काढा, मग शेवटच्या टोकाची वायर सोडा. दर वेळी फॉल्ट दिसलाच पाहिजे.

खोलीमागे एक स्मोक. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत भट्टीचा धूर, मोल्डिंगची वाळू. तिथे स्मोक डिटेक्टर रोज खोटा अलार्म देणार आणि वैतागून कोणीतरी झोनच बंद करणार. निपाणीच्या तंबाखू गोदामातही धुळीचा विचार आधी करावा लागतो. पण स्मोक काढून तेवढेच हीट (धुराऐवजी उष्णता ओळखणारे) डिटेक्टर लावणंही चूक. ब्रिटिश मानक बीएस ५८३९ प्रमाणे सपाट छताखाली कुठलाही बिंदू स्मोक डिटेक्टरपासून ७.५ मीटरच्या आत हवा, हीटपासून ५.३ मीटरच्या. म्हणजे हीट जवळजवळ दुप्पट लागतात. कौलारू छताला डिटेक्टर आढ्यालगत घ्या, एसीच्या झोतापासून निदान १ मीटर लांब. आपल्याकडचं मानक आयएस २१८९. काम घेण्याआधी ते वाचलेलं असावं.

बटण दाबलं, हूटर वाजला. यातून कळतं एवढंच, की ते बटण आणि तो हूटर त्या क्षणी, मेन्सवर (बाहेरून येणाऱ्या विजेवर) चालले. चुंबकानं केलेली चाचणीही डिटेक्टरचं सर्किट तपासते. धूर आत शिरतो का, हे नाही. धुळीची प्लॅस्टिक टोपी तशीच राहिली असेल तरी ती चाचणी पास होते. उदबत्ती नको, तिचा चिकटा आत बसतो. टेस्ट एरोसोल, म्हणजे धुराची नक्कल करणारा चाचणीचा स्प्रे, वापरा.

खरी परीक्षा वीज गेल्यावर. समजा पॅनेल शांत असताना ०.२५ अँपिअर घेतं आणि अलार्ममध्ये १.२. बॅटरीवर शांत २४ तास अधिक अलार्ममध्ये अर्धा तास धरला तर ६ अधिक ०.६, म्हणजे ६.६ अँपिअर-तास, जुनेपणासाठी सव्वापट केलं की ८.२५. इथे ७ एएच (अँपिअर-तास) बॅटऱ्यांची जोडी पुरत नाही, १२ एएचची हवी. शिवाय १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरवर १५० मीटर लांब १ अँपिअरचे हूटर असतील, तर वाटेतच साडेतीन व्होल्टच्या वर गळतात. उतरलेल्या बॅटरीच्या २१ व्होल्टमधून टोकाच्या हूटरला साडेसतराही मिळत नाहीत. म्हणून मेन्स बंद करून, बॅटरीवर, सगळ्यात लांबच्या हूटरपाशी मीटर लावून व्होल्ट मोजा. आवाज ६५ डेसिबल किंवा आसपासच्या गोंगाटापेक्षा ५ ने जास्त, यांतला मोठा आकडा. हॉस्टेल, लॉजमध्ये उशापाशी ७५, दार बंद करून.

कोर्सला नाव घालण्याआधी विचारा : पॅनेल उघडून मुद्दाम केलेले फॉल्ट शोधायला देतात का? नुसत्या स्लाइड दाखवत असतील तर दुसरा कोर्स बघा.